चौथं रजिस्टर

चर्चची बाप्तिस्म्या-दफनाची रजिस्टरं आली ती खताच्या पोत्यातून. चार होती, वर सुतळी बांधलेली. पुरात बंद पडलेला महामार्ग सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी एका ख्रिस्ती मंडळीचे पाळक आणि त्यांच्यासोबत एक आजी टेम्पोत मागे बसून कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर आले. ऑगस्ट २०१९. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्यांचं गाव शिरोळ तालुक्यातलं. तिथलं पाणी सगळ्यात शेवटी उतरलं. चर्चमधलं लोखंडी कपाट आठ दिवस पाण्याखाली होतं.

आमचं घराणं बाइंडिंगचं. बाबा कचेऱ्यांची दप्तरं बांधायचे; मी पुढे जुना कागद दुरुस्त करायचं शिकले. भिजलेल्या वहीचं गणित लोकांना वाटतं त्याच्या उलट असतं. लोक आधी ती उन्हात टाकतात. उन्हात पान वरून वाळतं, आतून ओलंच राहतं, पिळवटतं आणि शेजारच्या पानाला कायमचं चिकटतं. भिजलेली वही तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकायची असते. गोठली की बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. मग एकेक वही बाहेर काढून दर काही पानांमागे टीपकागद घालायचा, तो सारखा बदलायचा, पंखा लावायचा. आपल्या हवेत ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो.

त्या आठवड्यात माझ्या हाताशी एकच फ्रीझर होता, ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा. त्याचा निम्मा भाग त्याने रिकामा करून दिला. त्यात फार तर तीन रजिस्टरं मावणार होती.

पहिली तीन उघडली आणि मी हरखले. चिंध्यांपासून केलेला जाड कागद, काळपट तपकिरी शाई, आणि अक्षर न् अक्षर शाबूत. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, आणि विलायती निळी-काळी शाईही त्याच जातीची. अशा शाईतलं लोखंड कागदाच्या धाग्यांत मुरतं, पाण्यानं सुटत नाही. पुराच्या पाण्यात आठ दिवस राहूनही मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, पूर्वीची जात, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, सगळं वाचता येत होतं. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, पुढे अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेपासून वेगळे होऊन स्वतंत्रपणे काम करत राहिले आणि १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्या कामातून नदीकाठच्या एका गावात उगवलेली पंचवीस-तीस घरांची मंडळी कशी वाढली, ते मी या पानांवर पाहत होते. छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात पाठोपाठ पोरक्या मुलांच्या नोंदी, बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. १९१८ च्या साथीत दफनाच्या रकान्यात एकाच आडनावाच्या ओळी खालपर्यंत. त्या पानावर मी किती वेळ थांबले ते मलाच कळलं नाही.

चौथं रजिस्टर १९५० नंतरचं. कागद पातळ, गिरणीचा. शाई निळी, शाळेच्या दौतीतली, पाण्याबरोबर जाणारी. मी ते एकदाच, मधेच कुठेतरी उघडलं. अक्षरं पसरली होती, पण वाचता येत होती. फिकट निळी, कडा फुटलेली, तरी नाव नाव म्हणून कळत होतं. हे मला स्वच्छ आठवतं. मी ते मिटलं, परत पोत्यात ठेवलं आणि जुनी तीन फ्रीझरमध्ये नेली.

त्या वेळी मोबाईल माझ्या हातात होता. आधीच्या अर्ध्या तासात मी १९१८ च्या पानाचे सात-आठ फोटो काढले होते.

तिसऱ्या दिवशी चौथं उघडलं तेव्हा त्याचा एक ठोकळा झालेला. बुरशी गुलाबी आणि काळी, दोन्ही. पानं सोडवायला मला पाच आठवडे लागले. कोमट पाण्याचं ओलं फडकं, बांबूची पातळ पट्टी, दिवसाला चार-पाच पानं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीनं लावलेला. बाबा खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. मी घालत नाही, तांब्यानं कागद खराब होतो. या कामाबद्दल मला कुणी नावं ठेवणार नाही. पण पानं सुटी झाली तेव्हा बहुतेकांवर उरला होता तो नुसता निळा ढग.

मधल्या काळात जुन्या तीन रजिस्टरांची बातमी फुटली. दोन प्राध्यापक येऊन गेले, स्कॅन घेऊन गेले. चौथ्याकडे एकानंही पाहिलं नाही. ज्या कार्यालयाकडे अशा नोंदींच्या नकला असायला हव्यात तिथे पाळकांनी तीन खेपा घातल्या. नकला कुणी मागितल्याच नव्हत्या, असं उत्तर मिळालं. मला त्या उत्तराचा फार राग आला. पण माझाही पहिला हात जुन्याकडेच गेला होता, म्हणून कुणाला काही बोलले नाही.

आजी दर पंधरवड्याला यायच्या. एसटीनं, पिशवीत माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा. मला वाटायचं, मंडळीनं पाठवलंय. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यांनी सांगितलं.

"बाई, माझ्या धाकट्या भावाचं नाव हाय त्यात. बाप्तिस्मा झाला आन् सात-आठ दिवसांत गेला. फोटू न्हाई. थडगं बी कच्चंच हुतं, पुरात कधीच गेलं. नाव लिवलेलं तेवढं तितंच हाय."

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी खेड्यात आठवड्याभरात गेलेल्या बाळाची नोंद सरकारात होईल याची काय खात्री? चर्चच्या त्या एका ओळीशिवाय तो मुलगा जगात आल्याचा कागद नव्हता. आणि ती ओळ मी सुतळी बांधून पोत्यात ठेवली होती.

कधीचं, म्हणून विचारलं. "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या रविवारी. भिंतीला चीर गेलती. आई पोराला घेऊन पुढं हुबी, आन् मी त्या चिरेकडं बघत हुते."

भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, सोमवारी पहाटे. पुढचा रविवार १७ तारखेचा. १९६७ ची पानं सापडली. शेजारच्या दुकानातला नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला, खिडक्या झाकल्या, आजींना शेजारी बसवलं. साध्या उजेडात ज्या जागी काही दिसत नव्हतं, तिथे दिव्याखाली गडद सावल्या उमटल्या. नावाची सुरुवातीची दोन अक्षरं, बापाचं अख्खं नाव, आणि तारखेच्या रकान्यात एकचा आकडा. पुढच्या अंकाचा नुसता गोल भाग.

तो सात आहे की शून्य, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. सातची शेपटी असायला हवी त्याच जागी बुरशीचा डाग आहे. आणि १० डिसेंबर १९६७ हाही रविवारच. भूकंपाच्या आदल्या दिवसाचा. ती तारीख खरी असेल, तर बाप्तिस्म्याच्या वेळी भिंतीला चीर नव्हतीच. आजींनी नंतर कधीतरी पाहिलेली चीर त्या सकाळीत जाऊन बसली असणार. मी दिवा तिरका धरला, सरळ धरला, पानाच्या मागून धरला. फोटो काढून मोठे करून पाहिले. काही बदललं नाही.

आता रविवारी उपासनेनंतर पाळक चर्चमध्ये बसतात आणि लोक आपापल्या घरच्या नोंदी आठवून सांगतात, तसं नवं रजिस्टर तयार होतंय. मीही जाते, पानांचे फोटो ताडून बघायला. आजींची पाळी आली तेव्हा पाळकांनी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं आणि तारखेपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "१७ लिहा, आणि पुढं, बहिणीच्या सांगण्यावरून."

आजी म्हणाल्या, "माझ्या सांगन्यावरनं कशाला? झालंच हुतं तसं."

पाळकांनी १७ लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही.

चौथ्या रजिस्टरची शिलाई अजून माझ्याकडे राहिली आहे. बाकीचे जुज, म्हणजे एकत्र दुमडून शिवायचे पानांचे गठ्ठे, शिवून तयार आहेत. १९६७ चा जुज मी बाहेर ठेवलाय, टीपकागदात. दुसऱ्या कुठल्या उजेडात तो अंक दिसेल का, ते विचारत फिरते आहे. आजींनी परवा निरोप पाठवला, वही बांधून झाली का म्हणून.