डावी चप्पल व्हिएन्नात (महिना चौदावा)

काल रात्री साडेअकराला मेल आला: चप्पल व्हिएन्नाच्या कॅशमध्ये (जिओकॅशिंग या खेळात लपवलेला, जीपीएसने शोधायचा डबा) पडली! बायको म्हणाली, एवढं नाचायला काय झालं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेली किचेन, त्याला अंगठ्याएवढ्या कोल्हापुरी चपलांची जोडी. ट्रॅव्हल बग म्हणजे कोड असलेला टॅग; वस्तूला अडकवून सोडायचा, खेळाडू तो एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये नेतात आणि कोड टाकून साइटवर नोंद, म्हणजे लॉग, करतात. त्याच्या पाकिटात एकाच कोडचे दोन टॅग मिळतात. एक डाव्या चपलेला अडकवून स्टुटगार्टजवळच्या जंगलात सोडला. दुसरा उजवीसोबत माझ्या ड्रॉवरमध्ये. चपलेची कामगिरी: माहेरी जायचं. सरळ रेषेत साधारण 6,800 किमी.

नकाशावर आत्ता 1,240 किमी दिसतायत, पण त्यावर भुलू नका. स्टुटगार्ट, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, हा खरा प्रवास 740 च्या आसपास. बाकीचे 500 एका सायकलस्वाराची कृपा. त्याने चप्पल खिशात ठेवून बोडेनसेभोवती जी कॅश सापडेल तिथे ‘व्हिजिट’ टाकली, म्हणजे डब्यात न सोडता नुसती भेटीची नोंद; यालाच डिप म्हणतात. नकाशावर तळ्याभोवती कोळ्याचं जाळं झालंय. राग नाही, चपलेला तळं तरी दिसलं. पण किमी मोजताना डिप वेगळे धरावेत, असं माझं मत.

म्युनिकला एका बाईंकडे पाच महिने गेले. ट्रॅकेबल (असा कोडवाला टॅग) दोनेक आठवड्यांत पुढे सोडावा असा शिरस्ता आहे. मी गोड शब्दांत निरोप पाठवला, उत्तर नाही. थंडी पडल्यावर त्या बाईंनी जाड जॅकेट बाहेर काढलं आणि खिशात चप्पल! चारदा माफी मागितली, आणि स्वतः प्रागला नेऊन सोडली. असा विसरभोळेपणा मला चालतो.

जे नाही चालत ते सांगतो. कुणीतरी टॅगचा फोटो टाकला, कोड झाकलाच नाही. रातोरात तीन ‘डिस्कव्हर्ड’ (‘मी हा बग पाहिला’ अशी नोंद), तिघांपैकी कुणीही चपलेला हात लावलेला नाही. तिन्ही लॉग उडवले. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या टॅगची गोष्ट वेगळी. तो मंगळावर आहे, त्याचा कोड रोव्हरने पाठवलेल्या फोटोतूनच वाचायचा. माझी चप्पल प्रागमध्ये होती, बसने जाता येतं.

प्रागचीच कॅश नडली. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, आत पाणी. फोटो पाहून पोटात गोळा आला: पट्ट्याच्या वेणीत पांढरी बुरशी, अंगठ्याजवळची शिवण उसवलेली, सोनेरी गोंडा काळा पडलेला. पुढच्या कॅशरने (खेळाडूने) ती पुसून वाळवली, कातड्याला खोबरेल चोळलं आणि झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून व्हिएन्नाला नेली. खोबरेल! मी काही सांगितलं नव्हतं. चूक माझीच, कातडं बाहेर पाठवायला नको होतं. पुढचा बग पितळी घंटेचा करणार. त्यालाही स्मॉल किंवा त्याहून मोठी कॅश लागेल. फिल्मच्या डबीएवढ्या मायक्रोत टॅगही धड मावत नाही.

मिशनच्या मजकुरात आता एक ओळ वाढवलीय: कोरड्या डब्यातच ठेवा, पूर्वेकडे जाणाऱ्यानेच उचला.

व्हिएन्नाच्या लॉगमध्ये एकच प्रश्न आहे: उजवी कुठे आहे? आज ड्रॉवर उघडून तिचा फोटो टाकला. कोडवर अंगठा ठेवून.