अजिंठ्याच्या खांबावरचा जॉन स्मिथ

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर नाव खरवडलेलं आहे : जॉन स्मिथ, २८वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेतला हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या घळीत आला होता. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच, पण बाहेरच्या जगाला ती त्याच्यामुळे कळली. आणि आत शिरून या माणसानं काय केलं, तर खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवर स्वतःचं नाव कोरलं. आज ते आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात दगडमाती साचली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता.

मी जळगावात शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना मी अजिंठ्याला नेते, आणि हे नाव प्रत्येक तुकडीला दाखवते. यंदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पण एवढं काय बिघडलं? फोटो आहेत ना सगळ्याचे? मोबाईलवर मोठं करून बघितलं की इथल्यापेक्षा नीट दिसतं." तिचा प्रश्न खोडसाळ नव्हता. आत अंधार, पुढे कठडा, मागून "चला, चला" चाललेलं. तिला फोटोत खरोखरच जास्त दिसलं होतं.

परत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं, तर एक सहकारी म्हणाले, "मॅडम, आपल्या सातवीच्या वर्गात पावसाचं पाणी गळतं. आधी त्याचं रडू या, मग भिंतीवरच्या चित्रांचं."

दोघांचंही बोलणं मनात राहिलं. पहिल्यांदा त्या मुलीला उत्तर देते.

फोटो, प्रतिकृती, नकला यांवर भरवसा ठेवायचा प्रयोग अजिंठ्यात आधीच होऊन गेला आहे. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रती काढायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं इथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात काम केलं. ती चित्रं लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिलनं पुन्हा कुंचला हातात घेतला. १८७९ मध्ये तो गेला. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे, आणि खानदेशातल्या पुष्कळांना ते माहीत नसतं.

मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन इथे यायला लागले. पेस्तनजी बोमनजींसारखे हाताचे पक्के विद्यार्थी. दहा-बारा वर्षं हे काम चाललं. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. म्हणजे एकाच चित्रांच्या दोन पिढ्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या आगींत गेल्या, आणि भिंत मात्र इथेच होती. जखमी, पण होती.

तरी त्या मुलीला माझं खरं उत्तर हे नाही. समज, एकही प्रत जळाली नसती, आणि आजचा फोटो कधीच खराब होणार नाही असं धरलं, तरी फोटोत काय येतं? काढणाऱ्याला जे बघायचं होतं तेवढंच. पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा येतो, हातातलं कमळ येतं. त्या रंगाखाली काय आहे ते येत नाही.

अजिंठ्याची चित्रं नुसत्या दगडावर काढलेली नाहीत. आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीचा, काळा काजळीचा, हिरवा सह्याद्रीच्या याच काळ्या पाषाणात सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्दी दगडाचा, म्हणजे थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. पहिल्या लेण्यात निळा दिसला की मी मुलांना थांबवते. दीड हजार वर्षांपूर्वी तो दगड कुठून कुठून फिरत या घळीत आला असेल, हे त्यांना नकाशावर बोट फिरवून शोधायला लावते. पण तो बदख्शानचा आहे हे आपल्याला कशावरून कळलं? रंगाचा कण तपासल्यावर. फोटोवरून कळलं नसतं.

वेरूळचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या गिलाव्याचे बारीक तुकडे तपासले तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भांगेच्या तंतूंमुळे गिलाव्याला कीड लागली नाही, ओलही धरली नाही, असं त्यात मांडलं आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ती भांग नाही, आणि इथल्या चित्रांचं किडीनं खूप नुकसान केलं आहे. वेरूळ नंतरचं. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी कारागिरांनी हे शिकून घेतलं असावं, असं मला तरी वाटतं. ना शिलालेख, ना पोथी. ही गोष्ट सांगायला फक्त तो नखाएवढा गिलावा शिल्लक होता. तो शंभर वर्षांपूर्वी कुणी खरवडून टाकला असता, तर आपण काय गमावलं हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. उद्या कोण कुठला प्रश्न घेऊन त्या भिंतीपाशी येणार आहे, ते आज सांगता येत नाही. म्हणून मला त्या स्मिथचा राग येतो. चित्र कुरूप झालं याचा राग त्यामानानं कमी आहे.

नुकसान काही फक्त बेपर्वा लोकांनी केलं असंही नाही. डॉ. जेम्स बर्ड यांनी संग्रहालयात नेण्यासाठी आकृत्या भिंतीवरून सोलून काढायला घेतल्या, त्यांचा भुगा झाला. प्रती काढणाऱ्यांनी रंग उजळ दिसावेत म्हणून वॉर्निश फासलं. पुढे १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला हे मोठंच काम, पण चित्रांवर लाखेचा थर दिला आणि तो पुढे पिवळा-तपकिरी होत गेला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर आणि त्यावरची काजळी कणाकणानं काढावी लागली. मन लावून केलेल्या कामाचंसुद्धा असं होऊ शकतं, मग खिशातल्या किल्लीनं बदाम कोरणाऱ्याला काय म्हणायचं?

आता गळक्या वर्गाचं. सहकाऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. गळणाऱ्या छताखाली बसणारी मुलं माझीच आहेत. पण छत दुरुस्त होतं. पैसे मंजूर झाले, गवंडी आला, की पुढच्या पावसाळ्याआधी काम होतं, आणि नवं छत जुन्यापेक्षा चांगलं असतं. सतराव्या लेण्यातला हातभर गिलावा पडला तर कितीही कोटी मंजूर करा, तो परत येत नाही. छताची तक्रार मी करतेच, लेखी करते. दोन्हीची काळजी एकाच माणसाला असू शकते. आणि मला तर असं दिसतं की ज्यांना छताचं पडलेलं नसतं, त्यांना भिंतीचंही पडलेलं नसतं.

१५ एप्रिल २०१९ ला पॅरिसचं नोत्र दाम जळताना आमच्या शाळेतल्या शिपायांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. कळस कोसळला तेव्हा लोक हळहळले, आणि ते योग्यच होतं. मध्ययुगातल्या ओकच्या तुळयांचं छप्पर एका रात्रीत गेलं. पाच वर्षांनी, २०२४ च्या डिसेंबरात, ते चर्च पुन्हा उघडलंही. अजिंठ्याला असा कॅमेऱ्यात मावणारा दिवस कधी येणार नाही. इथे श्वासाची वाफ आहे, वटवाघळांची घाण आहे, पावसाळ्यात दगडातून झिरपणारं पाणी आहे, कठड्यावरून पुढे आलेलं बोट आहे. या झिजण्याची बातमी होत नाही, म्हणून त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. कायदा आहे, संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. फ्लॅशला बंदी आहे, चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात. पण आतला रखवालदार एकटा, आणि सहलीच्या दिवसांत समोर अख्खी बस.

म्हणून यंदापासून मी मुलांना एक काम दिलं आहे. प्रत्येकानं लेण्यातला एक छोटा भाग निवडायचा, बाहेर येऊन तो आठवून काढायचा, आणि रंग कुठे उडालाय, तडा कुठून कुठे गेलाय हेसुद्धा त्यात दाखवायचं. खाली तारीख घालायची. पुढच्या वर्षीची तुकडी तेच कागद हातात घेऊन आत जाईल आणि पडताळून पाहील. जिनं फोटोचं विचारलं होतं, तिनं खांबावरचं नावच निवडलं आणि अक्षरांभोवती उरलेला रंग काढला.

तुमच्या घरी अजिंठ्याच्या जुन्या सहलीचे फोटो असतील, कुणाच्या लग्नानंतरच्या प्रवासाचे, आजोबांच्या नोकरीतल्या दौऱ्याचे, तर ते एकदा काढून बघा. माणसांच्या मागची भिंत बघा. मागे वर्ष लिहिलेलं नसेल तर घरातल्या मोठ्यांना आजच विचारून पेन्सिलनं लिहून ठेवा. शाळेत आम्ही अशा फोटोंचा संग्रह सुरू करतो आहोत. मूळ फोटो तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला प्रत पुरेल. लेणं कोणतं ते आम्ही ओळखू.