तुळजापूरच्या घाटात ठरलेली स्कॉर्पिओ

गॅरेजवाल्याकडे लोक येतात ते बहुतेक वेळा गाडी बिघडल्यावर. घेण्याआधी कुणी गाडी दाखवायला आलं की मला मनापासून बरं वाटतं. मे महिन्यात सोलापुरात होटगी रोडच्या माझ्या गॅरेजवर आलेले काका-काकू त्यातलेच. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू मुख्याध्यापिका होत्या. दोघांनी एका वर्कशॉपमधून छोटा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली, करून घेतला होता. दोघांपुरता बेड, मागच्या अंगाला ओटा, ओट्याखाली साठ लिटरची पाण्याची टाकी, शेजारी बॅटरी, छतावर सोलर पॅनल. आरटीओची नोंदणी, ट्रेलरची वेगळी नंबरप्लेट, मागचे दिवे, सगळं रीतसर. फक्त ओढणारी गाडी ठरत नव्हती.

"एकदाच घेणार," काकू म्हणाल्या. "पुढची दहा वर्षं ती आम्हाला पुरली पाहिजे."

त्यांच्यासमोर तीन गाड्या होत्या. काकांच्या मेव्हण्यांनी सुचवलेली जवळपास नवीकोरी पेट्रोल ऑटोमॅटिक, कोकणातून आलेली एमएच-08 पासिंगची चकाचक स्कॉर्पिओ आणि मंगळवेढ्याच्या एका डाळिंब बागायतदाराची 2015 ची स्कॉर्पिओ, जिचा रंग बॉनेटवर पार उडाला होता. मेव्हणे स्वतः सोबत आले होते. त्यांचा मुद्दा साधा होता, नवी गाडी म्हणजे कटकट नाही.

नव्या गाडीचा निकाल लवकर लागला. तिच्या खणातलं मॅन्युअल काढून ट्रेलरचं पान मी काकूंच्या हातात दिलं. या गाडीने ट्रेलर ओढू नये, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांच्या पुस्तकात हेच असतं, पण ते पान उघडतो कोण? अशा गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, बॉडी हीच चासी. हूक लावलं की सगळी ओढ मागच्या पत्र्यांवर येते. शिवाय चढावर ओझं घेऊन तासन् तास चाललं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापतं, आणि तापलेल्या तेलावर चाललेला गिअरबॉक्स फार वर्षं टिकत नाही. शहरात, दोघांच्या रोजच्या वापराला ती गाडी उत्तम आहे, हेही मी मेव्हण्यांना सांगितलं आणि ते खरंच आहे.

मग कोकणवाली लिफ्टवर घेतली. वरून पाहिलं तर कुणीही हिलाच हात घातला असता. किलोमीटर कमी, सीट कव्हर नवे, टायर नवे. खाली मात्र चासीवर ताजा काळा रंग मारलेला दिसला आणि मला तिथेच शंका आली. इतक्या जुन्या गाडीची चासी खालून एवढी काळीभोर राहत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे ठोकत गेलो. पुढे ठण्ण आवाज येत होता. मागच्या धुऱ्याच्या पलीकडे, जिथे हुकाचे बोल्ट बसतात नेमकं तिथे, आवाज बद्द झाला. स्क्रू ड्रायव्हर उलटा करून टोक टेकवलं, जरा दाबलं, तर ते आत गेलं. रंगाची पापडी सुटली आणि पाठोपाठ लाल भुगा माझ्या चष्म्यावर पडला. मी काकांना लिफ्टखाली बोलावून भोकात बोट घालायला लावलं. त्यांनी बोट बाहेर काढलं, भुगा चोळून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या कालव्याची जुनी दारं अशीच जायची."

यात कंपनीचा दोष नाही, समुद्राच्या खाऱ्या हवेचा आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत चासी सहसा सडत नाही. आपल्याकडे गाडीचं नुकसान ऊन करतं. रंग जातो, रबर तडकतं, डॅशबोर्ड फाटतो, पण हे सगळं बदलता येतं. सडलेल्या चासीला पट्टी मारून तिच्यावर ट्रेलर टांगणं हा माझ्या मते जिवाशी खेळ आहे, आणि रंग मारून ती विकणाऱ्याचा मला अजून राग येतो.

तिसरी गाडी चढवली. मॉडेल तेच, 2.2 लिटरचं 120 एचपीचं एमहॉक इंजिन तेच. चासीवर माती आणि ऑइलचा जुना थर होता. खरवडला तर खाली शाबूत लोखंड. बागायतदार डाळिंबाचे क्रेट वाहायला छोटी ट्रॉली जोडायचे, त्यामुळे हूक चासीला पक्कं बसवलेलंच होतं. ओढलेली गाडी म्हटल्यावर मला आधी क्लचची चौकशी करावी लागते. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं, म्हणजे क्लच धरतो. तो सरकत असता तर इंजिन तसंच गुरगुरत राहिलं असतं. इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. धुराचे झोत नव्हते. रेडिएटरचं पाणी थंड असताना पाहिलं, त्यावर तेलाचा तवंग नव्हता. सर्व्हिसची बिलं तारखेवार एका फायलीत लावलेली होती. फायलीतले आकडे आणि मीटरवरचे आकडे जुळत होते.

काकांना वेगळीच धास्ती होती. "डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद करतात ना?"

तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, वर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे या गाडीचं पहिलं नूतनीकरण 2030 मध्ये. खर्च आहे, पण गाडी बंद होत नाही.

कागदावर सगळं जुळलं तरी मी हो म्हणालो नाही. हुकावर 50 मिलिमीटरचा बॉल बसवला, सेफ्टी चेन फुलीसारख्या खालून अडकवल्या, कॅम्परची टाकी भरली आणि काकूंनी प्रवासाचं सगळं सामान आत लावलं. बायपासला साठचा वेग ओलांडला आणि कॅम्परचं शेपूट डोलायला लागलं. आधी हलकं, मग प्रत्येक झोक्याला जास्त. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने झोके मोडायला जायचं नाही, वेग वाढवायचा तर मुळीच नाही. अॅक्सिलरेटर सोडला, चाकं सरळ धरली. पन्नासच्या खाली डोलणं थांबलं.

मेव्हणे म्हणाले, "बघा, गाडी हलकी पडतेय." तसं नव्हतं. मी कॅम्पर सरळ मार्केट यार्डात नेला. वजनकाट्यावर एकूण वजन भरलं 790 किलो. मग एका अडत्याला विनंती करून कांद्याची पोती मोजायचा काटा घेतला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून कॅम्परचं नाक, म्हणजे हुकाला जोडायचं पुढचं टोक, हुकाच्या उंचीला टेकवलं. हमाल भोवती जमले. आकडा आला 31 किलो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा नाकावर पाहिजे, म्हणजे ऐंशीच्या आसपास. पाणी, बॅटरी, ओटा आणि भांडी, सगळं चाकांच्या मागे रचलेलं होतं. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर वेगात डोलणारच, पुढे गाडी कुठलीही लावा. कॅम्पर बांधताना एवढी साधी गोष्ट कुणी मोजली नाही, याचं मला वाईट वाटलं. दोन माणसं त्यात झोपणार होती.

टाकी तिथेच रिकामी केली. हमालांनी कॅनमध्ये पाणी भरून दिलं, ते कॅन बेडखाली पुढच्या बाजूला ठेवले. बॅटरी नाकावरच्या पेटीत नेली, भांड्यांची ट्रंक पुढे सरकवली. पुन्हा काटा लावला, 78 किलो. हे 78 किलो गाडीच्या मागच्या धुऱ्यावर येतात, तेव्हा डिकीत सामान भरताना तेही धरायचे, हे काकूंनी वहीत लिहून घेतलं.

मग तुळजापूर रोड. भर दुपार, एसी चालू. मला गाडी ऊन उतरल्यावर तपासायचीच नव्हती. तामलवाडी मागे पडली आणि पुढे घाट लागला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी न धापता चालली. तापमानाचा काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच थांबला, वरच्या सपाटीला खाली आला. लोक विचारतात, गाडी ओढेल का? 790 किलो ओढणं या इंजिनाला जड नाही. माझी परीक्षा उतारावर होती.

वरून वळवली आणि उतरताना पुन्हा तिसराच गिअर ठेवला. इंजिन गाडी धरून ठेवत होतं, पण ब्रेक लागला की मागून कॅम्परचा धक्का पाठीला जाणवत होता. खाली सपाटीला बाजूला घेऊन सगळे उतरलो. पुढच्या चाकांजवळ हात नेला तर डिस्कची धग लागली, लायनरचा वासही येत होता. कॅम्परच्या चाकांना हात लावला तर ती नुसती उन्हाने तापलेली. अर्थात, त्यांना ब्रेकच नव्हते. दोन्हींचं ओझं एकटी स्कॉर्पिओ थांबवत होती.

युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं सक्तीचं आहे. मी काकांना तिथेच सांगितलं की गाडी मी पास करतो, पण ओव्हररन ब्रेक बसवल्याशिवाय कॅम्पर लांब न्यायचा नाही. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे दाबतो, त्या दाबाने नाकातला दांडा मागे सरकतो आणि केबल ओढून ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लावतो. त्याला वायर नको, बटण नको.

"पण गाडी हीच?" काकांनी विचारलं.

हीच. हिची चासी स्वच्छ आहे, घाटात तापली नाही, वजन कॅम्परच्या दुपटीहून जास्त आहे. आणि सांगोल्यात काय, उमरग्यात काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी हिचा क्लच उघडणारा मिस्त्री आणि सुटा भाग मिळतो. दहा वर्षं फिरायचं म्हणणाऱ्याला मी हे शेवटचं कारण सगळ्यात वर धरतो.

बागायतदारांनी फोनवर किंमत थोडी सोडली. त्या पैशात मी नवे पाण्याचे होज, चारही ब्रेकचं काम, मागच्या धुऱ्यातल्या क्राउन गिअरचं ऑइल आणि रेडिएटरची जाळी साफ करणं धरलं. कॅम्परच्या चाकांचं बेअरिंग उघडलं तर आत ग्रीस जेमतेम होतं, तेही भरलं. टाकी चाकांच्या पुढे घ्यायला आणि ओव्हररन ब्रेक बसवायला कॅम्पर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडे गेला. मेव्हण्यांनी जाताना आपण सुचवलेल्या गाडीचं मॅन्युअल परत मागून घेतलं आणि ट्रेलरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. त्यांच्या एका मित्रालाही कॅम्पर घ्यायचा आहे म्हणे.