रेघ चावती

"सर, रेघ चावती." सकाळी पावणेसातला दहा वर्षांच्या एका पोरानं येऊन सांगितलं. पोरगा अनवाणी होता, कारण दोघा भावांत बुटांचा एकच जोड आणि तो त्या वेळी थोरल्याच्या पायात. आमच्याकडं असे जोड बरेच, म्हणून सामन्यांचं वेळापत्रक लावतानाच भावंडांचे संघ एका वेळी मैदानात येणार नाहीत हे आम्ही बघतो. मी त्याचा तळवा उलटून पाहिला. काटा दिसला नाही. मैदानाच्या कडेला वेडी बाभूळ आहे, त्यामुळं पायाची तक्रार आली की आधी काटाच आठवतो. "कडेला बस, भावाचा सामना संपला की बूट घाल," म्हणालो आणि शिट्टी वाजवायला गेलो. त्या दिवशी जे घडलं त्याची खूण त्या पोरानं आधीच दिली होती, ती मला ओळखता आली नाही.

धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव. ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यात परतल्या की पोरं महिना-दोन महिने गावात सापडतात, म्हणून आमच्या संस्थेची फुटबॉल स्पर्धा मे महिन्यात. आठ संघ, प्रत्येकात सहा जण, मुलं-मुली एकत्र. पाच खेळणार, एक बदली. सात-सात मिनिटांचे दोन डाव. साडेसहा ते साडेआठ सहा सामने, उरलेले सहा संध्याकाळी पाचनंतर. लहान मैदान, थोडे खेळाडू, मिळेल त्या जमिनीवर खेळ, ही वाट नागपूरला विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू करून दाखवली. आमचं मैदान 40 बाय 25 मीटर, मुरमाचं. गोल बांबूचे, 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच. बॉल चार नंबरचा, 350 ते 390 ग्रॅमचा. पाच नंबरचा जड बॉल या वयाच्या, अंगानं किरकोळ पोरांच्या मनगटावर बसतो.

एवढं मैदान आखायचं म्हणजे कडा, मधली रेघ, मधला गोल आणि दोन्ही गोलांपुढचे अर्धवर्तुळाकार डी धरून जवळपास 210 मीटर रेषा होते. पाच सेंटिमीटर रुंद फक्की मारली तर 25 किलोचं पोतं जेमतेम पुरतं. आदल्या रात्री पोतं उघडलं तर अर्धंच. एक कार्यकर्ता गावातून "चुना पावडर" घेऊन आला. गोठ्याच्या भिंती रंगवायला आणलेली, पांढरीशुभ्र, फक्कीसारखीच दिसणारी. मैदानावर चुना मारायचा असं आपण सर्रास म्हणतो, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही. फक्की म्हणजे खडूची भुकटी, ती निरुपद्रवी. पाणी घालून विरलेला चुना मात्र तीव्र अल्कली, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट जातीचा पण तसाच जाळणारा पदार्थ, आणि त्या पोत्यात तर न विरलेल्या कळीच्या चुन्याचे बारीक खडेही होते. कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, फुलतो.

आणि पाणी आम्हीच घातलं होतं. गोलकीपरची कोपरं-गुडघे खरचटू नयेत म्हणून दोन्ही गोलांपुढं पहाटे दोन-दोन बादल्या शिंपडल्या होत्या. त्याच ओल्या जागी गोलरेषा मारली, तीही दुहेरी, लांबून दिसावी म्हणून.

तिसऱ्या सामन्यात आमच्या बारा वर्षांच्या गोलकीपरनं उजव्या खांबाकडं झेप घेतली. झेपताना अंग कुशीवर टाकायचं, तोंड वर ठेवायचं, हे शिकायला महिने जातात. तिचे चारच रविवार झाले होते. ती पोटावर पडली आणि घामेजलेला चेहरा थेट गोलरेषेत गेला. उठली ती किंचाळतच. उजवा डोळा गच्च मिटलेला, पापण्यांच्या केसांत पांढरा लगदा. जवळ जाऊन रेषेवर हात ठेवला तर ती कोमट लागली. तेव्हा कळलं.

अल्कली डोळ्यात गेली तर ती अ‍ॅसिडपेक्षा वाईट, कारण ती एका जागी थांबत नाही, आत शिरत राहते. दवाखान्यात नेऊ म्हणून गाडी शोधण्यात गेलेला प्रत्येक मिनिट डोळ्याला महाग पडतो. आधी पाणी, तेही तिथंच आणि भरपूर. तिला उजव्या कुशीवर आडवं केलं, दुखरा डोळा खाली, म्हणजे धुवण चांगल्या डोळ्यात उतरत नाही. ओल्या पापणीवरून बोट घसरतं, म्हणून रुमालाचं टोक धरून मी पापण्या फाकवल्या. दुसऱ्यानं पाण्याच्या जारची तोटी नाकाच्या बाजूनं बाहेर वाहील अशी धरली. बारीक, सलग धार. जोरात ओतलं तर पोर डोळा मिटतं आणि सगळं वाया जातं. मधेमधे वर बघ, खाली बघ, डावीकडं बघ. तिसऱ्यानं 108 ला फोन लावला.

तेवढ्यात तिची आजी धावत आली. "लेकराच्या डोळ्यात तूप सोडा की ओ, आग थांबंल." मी म्हणालो, "आजी, तुपानं चुना आतच अडकून बसतो. तुम्ही डोकं धरा, हालू देऊ नका." आजींनी मांडी घातली, नातीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पुढचा अर्धा तास मान वर केली नाही. तूप, मध, लिंबू, दूध, काहीही नाही, फक्त पाणी. लिंबानं चुना मरतो खरा, पण डोळ्यात नाही. तिथं दुसरी आग होते.

20 लिटरचा एक जार अर्ध्या तासाला पुरतो, पण आमचा पहिला निम्माच भरलेला होता. दुसरा लावला, तोही पोरांनी पिऊन कमी झालेला. गावाला पाणी टँकरचं, नळाला धार नाही. तो तळाला गेला तसं कडेच्या पोरांनी आपापल्या बाटल्या आणायला सुरुवात केली, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या, घरून भरून आणलेल्या. एकानं झाकण उघडून द्यायचं, दुसऱ्यानं रिकामी उचलायची. धार एकदाही तुटली नाही.

रुग्णवाहिका आल्यावर आम्ही रिकामं पोतंही बरोबर दिलं. नेमकं काय गेलंय हे डॉक्टरांना दिसलं पाहिजे. तिथं त्यांनी कागदाची पट्टी लावून डोळ्यातली अल्कली मोजली, सलाईननं पुन्हा धुतलं, मग वरची पापणी उलटून कापसाच्या काडीनं मुगाच्या चतकोराएवढा खडा काढला. असा खडा आत राहिला तर वरून कितीही धुवा, तो अल्कली सोडतच राहतो. पिवळं औषध टाकून निळ्या उजेडात पाहिलं, बुबुळावर वरवरची जखम होती. थेंब दिले. तिसऱ्या दिवशी तपासलं तेव्हा ती भरत आली होती.

इकडं मैदानात आम्ही सगळ्यांचे पाय पाहिले. सहा पोरांचे तळवे लाल, बोटांच्या बेचक्यात कातडी भिजल्यासारखी पांढरी. त्यात पावणेसातचा तो पोरगाही होता. कातडीवरचा कोरडा चुना आधी फडक्यानं झटकायचा, मग भरपूर पाण्यानं धुवायचा; थोडंसंच पाणी लावलं तर तो तिथंच तापतो. पाण्यासाठी आता टँकरवाल्याच्या पाया पडावं लागलं. संध्याकाळचे सामने रद्द केले आणि फावड्यानं रेषांखालची वरची माती खरवडून पोत्यांत भरली. तीन तास गेले.

आता आमच्या पेटीत हळदीची पुडी असते. दुकानातून आलेली पांढरी पावडर चिमूटभर, त्यात चिमूटभर हळद आणि चार थेंब पाणी. लालभडक झाली तर चुना, परत पाठवायचा. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे, मैदानावर मात्र ते आठवत नव्हतं. नुसतं पाणी टाकून तापतं का बघणं पुरेसं नाही, कारण विरलेला चुना तापत नाही, तरी डोळा जाळतोच. फक्की मिळाली नाही तर बाजारातली पांढरी रांगोळी वापरतो. वाऱ्यानं उडते, दोन सामन्यांनंतर पुन्हा मारावी लागते, मारतो. पेटीत अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या चार बाटल्या नळीसकट ठेवल्यात, तारीख बघून बदलतो. प्यायच्या पाण्याशिवाय एक भरलेला जार वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही.

तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या पुड्यांचंही तेच. पोरं त्या दाबून फोडतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. मैदानात पुडी दिसली की उचलून खिशात.

रेषा मारून झाल्या की आमच्यातला एक जण चपला काढून त्यांच्यावरून पूर्ण फेरी मारतो. पहिली फेरी मी मारली. तो पोरगा सोबत चालत होता, या खेपेला बूट घालून. थोरला कडेला बसला होता.