आठ डिग्रीचा कर्व्ह

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी सहानंतर खरी धावपळ सुरू होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळ झालेली असते आणि तिकडचे मेल धडाधड येऊ लागतात. आमचं काम स्टील डिटेलिंगचं. इमारतीचं डिझाइन दुसरं कुणी करतं. त्यातला प्रत्येक खांब, गर्डर, प्लेट, बोल्टचं भोक कारखान्यात कापता येईल अशा शॉप ड्रॉइंगमध्ये आम्ही उतरवतो. मी चेकर आहे. माझ्या सहीनंतर ड्रॉइंग जातं आणि तिकडे स्टील कापायला घेतात.

त्या महिन्यात हातात होतं ते काम मी आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यात अवघड. शंभरी ओलांडलेलं एक स्टेशन, आणि त्याच्या रुळांवर उभा राहणार असलेला टॉवर. कराराप्रमाणे शहराचं नाव सांगता येत नाही. पण असं काम कसं असतं ते बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून कळेल. ते स्टेशन १८९९ सालचं, आणि त्याच्या रुळांवर अलीकडेच ५१ मजली टॉवर उभा राहिला, तोही खाली गाड्या चालू ठेवून. आपल्याकडे गुजरातच्या गांधीनगरला (आपलं कोल्हापूरजवळचं कापडाचं गांधीनगर नव्हे) स्टेशनवरच ३१८ खोल्यांचं हॉटेल झालं, २०२१ साली.

लोकांना दिसतात मजले आणि काचा. आमचा सगळा जीव मात्र खाली, दोन रुळांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत अडकलेला असतो. वरच्या खोल्यांच्या सोयीने खांब खाली आणता येत नाहीत. रूळ जिथे जागा देतील तिथेच पाय ठेवायचा आणि वरचं ओझं मोठमोठ्या ट्रान्सफर गर्डरवरून त्या पायांकडे वळवायचं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलला लागून १९६३ साली ५९ मजल्यांची पॅन ॲम इमारत झाली. तिचे खांब जमिनीखालच्या दोन मजली रुळांच्या मधून उतरवले आहेत. लंडनला लिव्हरपूल स्ट्रीटच्या रुळांवर १९९० साली एक्स्चेंज हाउस बांधलं, तिथे मधे खांबच नकोत म्हणून दहा मजली इमारत ७८ मीटर गाळ्याच्या कमानींवर पुलासारखी पेलली. हे सगळं मी रात्री जागून वाचलं होतं, कारण स्टेशनचं काम आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं आणि मला मनातून भीती वाटत होती.

तो बुधवार. स्टेशनच्या तोंडाशी, जिथे सगळे रूळ पंख्यासारखे फाकतात, तिथल्या पाच खांबांची ड्रॉइंग त्या संध्याकाळी पाठवायची होती. क्लॅश चेक हिरवा आला होता. मॉडेलमध्ये प्रत्येक रुळाभोवती गाडीसाठी मोकळ्या ठेवायच्या जागेची एक पेटी काढलेली असते. त्या पेटीत स्टीलचा तुकडा शिरला की लाल होतं. कुठेच लाल नव्हतं. सगळ्यात जवळचा खांबही पेटीपासून सहा इंच लांब होता.

मग सकाळी सर्व्हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं, त्या रुळाचा कर्व्ह आठ डिग्री. डिग्री कशाची? आम्हाला त्रिज्या कळते. मी ऑफिसात चौघांना विचारलं. 'रेल्वेची भाषा असेल, आपल्याला पेटी दिलीय ना,' असं उत्तर मिळालं. ते चुकीचंही नव्हतं. पेटी आम्ही ठरवत नाही. तरी सही करायला हात उठेना.

दुपारी गाडी काढली आणि वळिवड्याला मोठ्या मामांकडे गेले. मामा रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. कोल्हापूर-मिरज मार्गावर, म्हणजे १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी होऊन १८९१ साली सुरू झालेल्या या मार्गावर, त्यांच्या पायाखालून न गेलेला स्लीपर नसेल. जेवण आटोपून ते पडवीत बसले होते.

"कर्व्ह मोजता कसा, मामा?"

"दोरीनं."

मला वाटलं, काहीतरी सोपं करून सांगताहेत. पण खरंच दोरीनं. बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला २० मीटरची दोरी ताणून धरायची आणि बरोबर मध्यावर, रूळ दोरीपासून किती लांब गेलाय ते पट्टीनं मोजायचं. ते अंतर म्हणजे वर्साइन. जितका जास्त, तितका कर्व्ह कडक. मी तिथेच मोबाइलवर शोधलं. अमेरिकेतली गँग ६२ फुटांची दोरी लावते, आणि मध्यावर जितके इंच येतील तितक्या डिग्रीचा कर्व्ह. आठ इंच, आठ डिग्री. म्हणजे त्रिज्या साधारण २१८ मीटर. मामांच्या दोरीवर तोच कर्व्ह २२९ मिलिमीटर भरला असता.

"लई कडक की गं," मामा म्हणाले. "आणि खांब आतल्या अंगाला हाय का भाईरल्या?"

"आतल्या."

ते उठले. अंगणात खिळा ठोकला, सुतळी बांधली, खडूनं मोठा अर्धगोल काढला. मग कपडे वाळत घालायची बांबूची काठी आणली, तिच्या दोन्ही टोकांपासून थोडं आत एकेक खूण केली आणि त्या दोन खुणा अर्धगोलावर टेकवल्या.

"ह्या दोन बोग्या, म्हंजी डब्याखालच्या चाकांचे सांगाडे. चाकं रूळ सोडत न्हाईत. पण डबा वाकतोय व्हय? बघ, पोट कुठं आलं."

काठीचा मधला भाग खडूच्या रेषेच्या आत सरकला होता. दोन्ही टोकं बाहेर निघाली होती. शाळेत जीवा आणि कंस शिकले, इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, पण हे माझ्या डोळ्यांना त्या अंगणात पहिल्यांदा दिसलं. आमच्या मॉडेलमधली पेटी रुळाबरोबर छान गोल वळत होती. गाडी तशी वळत नाही. ताठ डबा दोन बोग्यांवर जीवेसारखा पडतो.

"वर भाईरला रूळ उच्चाला असला तर डबा आत कलतोय बी," मामा काठी उचलताना म्हणाले.

परत येताना तावडे हॉटेलच्या सिग्नलला मी मनातल्या मनात आकडे मांडत होते. तिकडचा प्रवासी डबा ८५ फूट लांब, बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर साडेएकोणसाठ फूट. आठ डिग्रीला त्याचं पोट सात इंचांहून जास्त आत येतं. आणि तिकडच्या रेल्वेचा प्रचलित नियम आहे, कर्व्हच्या दर डिग्रीला दीड इंच जादा मोकळीक. म्हणजे बारा इंच. आमच्या खांबापाशी शिल्लक सहा.

गाडी खांबाला घासलीच असती असं मी म्हणत नाही. मूळ पेटीत डब्याभोवती थोडी जागा असतेच. पण ती जागा डब्याच्या हेलकाव्याची, झिजलेल्या चाकांची, चुकून दारातून डोकावलेल्या माणसाची असते. तिच्यात खांब घुसवायचा अधिकार कुणालाच नाही.

सव्वासहाला आरएफआय, म्हणजे तिकडच्या डिझाइनवाल्यांना लेखी शंका, लिहायला बसले. खांबाचा नंबर, डिग्री, पोटाचं गणित, नियमाचे बारा इंच, आणि साधा प्रश्न: ही पेटी कर्व्हसाठी वाढवलेली आहे का? आमचे साहेब शेजारी उभे होते. डेडलाइन त्यांच्या डोक्यावर होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पाठव. पाचही थांबव."

नऊपर्यंत कुणी घरी गेलं नाही. तो खांब चार इंच जाडीच्या प्लेटांचा, नुसता उचलून बाजूला ठेवण्यातला नव्हे. फूटभर हलला की वरच्या गर्डरवरचा भार बदलतो, खालची बेस प्लेट बदलते, पायातले अँकर बदलतात. साडेनऊला उत्तर आलं. पेटी सरळ रुळाची होती. पाचही खांब होल्डवर, जागेवर पुन्हा सर्व्हे. पुढच्या आठवड्यात कळलं, तीन जसेच्या तसे राहिले, दोन हलले. त्यांचं स्टील अजून कापलेलं नव्हतं.

त्या रात्री मामांना फोन केला. झोपेतून उठून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खांब उभा करताना गाड्या बंद ठेवणार न्हवं?"

"नाही मामा. रात्री थोडा वेळ ब्लॉक मिळेल, तोही त्याच रुळावर. शेजारच्यावरून गाड्या जात राहणार."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मामांच्या गँगमधला एक माणूस असाच शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली गेला होता. मी तेव्हा शाळेत होते. घरात त्याबद्दल फार बोलत नाहीत.

"मग लिव तेस्नी," मामा म्हणाले. "दोन्ही बाजूला लुकआउटचा माणूस पायजे. शिट्टी घिऊन. त्येला दुसरं काम सांगायचं न्हाई."