बीपीवाल्या आईचं बाळ: पहिले ७२ तास

बाळ ताब्यात घेण्याआधी मी आईचा केसपेपर वाचून घेते. बीपी १६०/११० च्या वर गेलं होतं का, लॅबेटालॉल (बीपीचं औषध) चालू होतं का आणि आईला झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या मॅग्नेशियमचा शेवटचा डोस किती वाजता दिला, एवढं आधी बघायचं.

मॅग्नेशियम वारेतून बाळापर्यंत पोचतं. मग बाळ ढिलं पडतं, नीट चोखत नाही, कधी श्वासही मंदावतो. "किती शांत आहे हो बाळ!" असं आजी कौतुकाने म्हणते, तेव्हा मी आधी श्वास मोजते. अशा बाळाला वाटी-चमच्याने पाजायची घाई केली तर दूध श्वासनलिकेत जातं. चोखणं-गिळणं जुळेपर्यंत नळीनेच द्यायचं. बहुतेक बाळांना एक-दोन दिवसांत ताकद येते.

जास्त लक्ष ठेवावं लागतं ते साखरेवर. वारेतून रक्त कमी मिळाल्याने यातली बरीच बाळं पोटातच वाळलेली असतात, यकृतात साठा नसतो. त्यात लॅबेटालॉलने साखर आणखी घसरू शकते, नाडीही मंद होते. म्हणून २, ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी टाचेतून रक्त. ४५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आली आणि बाळाला काही त्रास दिसत नसेल तर लगेच दूध आणि तासाभरात पुन्हा तपासणी. बाळ मलूल, निळसर किंवा झटके देत असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी), किलोमागे २ मिली, शिरेतून, आणि पाठोपाठ ग्लुकोजचं सलाईन. लॅबच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

आकडा चुकतो तो टोचण्यात. पाय गार असतो, स्पिरिट वाळलेलं नसतं, किंवा थेंब येत नाही म्हणून टाच पिळली जाते. पाय आधी कोमट कपड्यात गुंडाळावा, टाचेच्या कडेला टोचावं (मधोमध हाड जवळ असतं) आणि पहिला थेंब पुसून टाकावा.

हातपाय थरथरले तर हलकेच धरून बघते. धरल्यावर थांबली तर ती थरथर, नाही थांबली तर झटका. साखर दोन्हीत बघायचीच.

लालबुंद बाळ बघून घरचे खूश होतात. पोटात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं. टाचेच्या रक्तात हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) वाढलेलाच दिसतो, म्हणून शिरेतलं रक्त पाठवायचं. ६५ च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवायचं. प्लेटलेट्सचं उलट: पहिल्या दिवशी ठीक आल्या तरी दुसऱ्या-चौथ्या दिवशी उतरू शकतात, तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करावा.

तळवे गार लागले की कांगारू, म्हणजे बाळ उघड्या छातीला लावून ठेवायचं. आई आयसीयूत असेल तर बाबांच्या छातीवर, मावशीच्या छातीवरही चालतं. चीक मात्र आईचाच, हाताने काढून आणायचा. दोन मिली निघाला तरी आणायचा. मध, घुटी काही नाही.

घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. बाळाचं वजन करताना त्यांना आईचं बीपीही बघायला सांगते, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते पुन्हा चढतं. आईचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर जागरणाला दोष न देता त्याच दिवशी दवाखाना.