एकदाचं ठरलं: ब्लॅक, ८८ अक्षरं

रविवार, रात्री उशिरा

आमच्या प्रकल्पातल्या कोडच्या फॉरमॅटिंगची, म्हणजे मांडणीची, चर्चा आज मिटली. पायथनचा सगळा कोड ब्लॅकमधून, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढायचा, ओळ जास्तीत जास्त ८८ अक्षरांची, वेगळ्या सेटिंग्ज काही नाहीत. मला हेच हवं होतं, म्हणून बरं वाटतंय. झोप मात्र येत नाहीये, कारण खरं काम आता सुरू होणार.

आमच्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यांचा विरोध होता आणि तो मला पटतही होता. गणिताच्या फाइल्समधल्या मॅट्रिक्स त्यांनी स्पेस मोजून, स्तंभाखाली स्तंभ लावून लिहिल्यात. एखादं उणे चिन्ह राहिलं तर नुसत्या नजरेने कळतं. ब्लॅक ती रचना मोडतं. शेवटी ते म्हणाले, "मॅट्रिक्स तेवढ्या सोडा, बाकी तुमचं चालू द्या." तेवढ्या ओळींना ‘एफएमटी: ऑफ’ची कॉमेंट लावून वगळायचं ठरलं. अनेक वर्षं ज्यांनी हा कोड राखला, त्यांनी आपली सवय सोडली. मला त्याचं फार मोल वाटतं.

मी इतकी हट्टाला का पेटले? मागे एका विद्यार्थिनीने तारखांच्या हिशेबातली चूक शोधून पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली होती. सोबत टेस्टही लिहिली होती. तिला आधी आलेल्या प्रतिक्रिया सगळ्या अवतरणचिन्हांवर, स्वल्पविरामांवर आणि ओळीच्या लांबीवर. तिची दुरुस्ती बरोबर आहे की नाही, हे कोणी पाहिलंच नव्हतं. तिने सगळं निमूटपणे बदललं, कोड मुख्य कोडमध्ये मर्ज झाला, आणि ती परत आली नाही. फुकट वेळ देणाऱ्या माणसाचं असं स्वागत होता कामा नये. ही टोकाटोकी यंत्रावर सोपवली की रिव्ह्यू करणाऱ्याला कोडच्या अर्थाबद्दलच बोलावं लागतं.

गो भाषेवाल्यांचं बरं आहे. २००९ मध्ये भाषा जगापुढे आली ती गोफमटी हे मांडणीचं साधन सोबत घेऊनच. इंडेंटला टॅब, विषय संपला. पायथनची पेप ८ ही नियमावली २००१ ची. ती ७९ अक्षरं सांगते, पण बऱ्याच गोष्टी लिहिणाऱ्याच्या तारतम्यावर सोडते, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात.

आज संध्याकाळी जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचा इतिहास पुन्हा वाचत बसले. ब्लॅक घ्यायचं हे त्यांनी २०१९ मध्येच मान्य केलं होतं, पण सगळा कोड बदलला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. ब्लॅक तोवर बीटा होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि पाठोपाठ हे काम झालं. एवढं थांबणं मला शहाणपणाचं वाटतं. त्याहून आवडलं ते आधीचं कमिट, म्हणजे आधी नोंदवलेला बदल: यंत्रातून काढल्यावर कोड जिथे वेडावाकडा दिसला असता, त्या जागा त्यांनी आधी हाताने नीट केल्या. त्यांच्याकडे ११९ अक्षरांपर्यंतच्या ओळी चालत होत्या, त्यामुळे ८८ मध्ये बसवताना अशा जागा निघणारच. आमच्याकडेही आहेत, विशेषतः एकात एक अडकवलेल्या अटी. हे आठवडाभर मी करणार आहे.

ब्लेमची, म्हणजे कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीची, भीती बऱ्याच जणांना होती: प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसणार, आणि ती ओळ मुळात कोणी, का लिहिली ते बुजणार. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ठरावीक कमिट ब्लेममधून वगळता येतात. त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. मात्र त्या कमिटमध्ये यंत्राने केलेले बदल सोडून एक अक्षरही नको. मी आज याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलले. चालवलेली कमांड कमिटच्या संदेशात लिहायची, म्हणजे कोणीही ती स्वतः चालवून ताडून पाहू शकेल. बदलाआधीचा आणि नंतरचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडची व्याकरणिक रचना, सारखाच आहे ना, हे ब्लॅक स्वतःही तपासतं.

ब्लॅकची आवृत्ती प्री-कमिटमध्ये, म्हणजे कमिटआधी तपासण्या चालवणाऱ्या साधनात, पक्की बांधून ठेवायची. ब्लॅकची स्थिर शैली वर्षातून एकदा, जानेवारीच्या रिलीजमध्येच बदलते. तेव्हा नवी आवृत्ती घ्यायची की नाही हे त्या वेळी सगळे मिळून ठरवू. कोणाच्या लॅपटॉपवर आपोआप नवं आलं म्हणून कोड हलायला नको.

राहिल्या उघड्या पुल रिक्वेस्ट. तयार असतील त्या आधी मर्ज करायच्या. बाकीच्यांवर कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे एकमेकांशी टक्कर होणाऱ्या बदलांचा, डोंगर येणार, आणि तो आमच्या निर्णयामुळे, म्हणून तो उपसायचाही आम्हीच. जे उत्तर देत नाहीयेत त्यांच्या ब्रँच, म्हणजे बदलांच्या वेगळ्या शाखा, मी स्वतः रिबेस करून, म्हणजे नव्या कोडवर बसवून, देईन, लेखक म्हणून नाव त्यांचंच ठेवून. यादी काढलीय. उद्या सर्वांत जुनीपासून सुरुवात.